वृत्तपत्रांस शासकीय साहाय्य : नांदेड व लातूर

वृत्तपत्रे व अन्य वृत्तसंस्था यांना सार्वजनिक कोशातून रोख अनुदान, करसवलत, टपालदरातील सूट, कागदाचा पुरवठा किंवा जाहिरातींचे मूल्य या रूपाने मिळणारा आर्थिक आधार. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १७९२ च्या टपाल अधिनियमाने वृत्तपत्रांना सवलतीचे दर दिले; नॉर्वेने १९६९ पासून व स्वीडनने १९७१ पासून स्पर्धेत मागे पडलेल्या पत्रांना, त्यांची मते कोणतीही असोत, ठरीव निकषांवर रोख साहाय्य देण्याची पद्धत अंगीकारली. भारतात अशी सर्वसाधारण रोख अनुदानाची योजना नाही. येथे या साहाय्याचे प्रमुख रूप शासकीय जाहिरात हेच असून, निःपक्षपातीपणाचा वादही मुख्यतः तिच्याच भोवती फिरतो.

पूर्वपीठिका : नांदेड व लातूर हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात मोडत होता. तेथे वृत्तपत्र काढावयाचे तर दरबारची परवानगी अवश्य असे, आणि ती देणे वा नाकारणे हे सर्वस्वी दरबारच्या मर्जीवर अवलंबून असल्यामुळे, संस्थानी प्रजेच्या हक्कांचा पुरस्कार करणाऱ्या आ. कृ. वाघमारे यांच्या ‘मराठवाडा’ या पत्राला बंदीहुकमांना तोंड देत, नावे पालटीत आपला व्यवसाय चालवावा लागला. संस्थान भारतात विलीन होण्याच्या अवघ्या काही आठवडे आधी, २२ ऑगस्ट १९४८ रोजी, ‘इमरोज’ या उर्दू पत्राचे संपादक शोएबउल्ला खान यांची हैदराबादेत हत्या झाली. पुढे ‘मराठवाडा’ दैनिकाचे संपादकपद भूषविणारे अनंत भालेराव आणि नांदेडच्या ‘प्रजावाणी’चे सुधाकरराव डोईफोडे हे हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या मुशीतून निघालेले संपादक होत. त्यांच्या पिढीस राजसत्तेचे भय ठाऊक होते, ते बंदीच्या व तुरुंगाच्या रूपाने. जाहिरातीच्या देयकाच्या रूपाने येणारा सत्तेचा प्रभाव हा लोकशाही राजवटीतील नवा अनुभव होय.

विधिविचार : न्यायमूर्ती ग. स. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या वृत्तपत्र आयोगाने (१९५२–५४) मोठ्या पत्रांच्या पुढे लहानांचा टिकाव कसा लागावा, या प्रश्नाचा सविस्तर ऊहापोह केला. त्यातूनच पानांच्या संख्येशी किंमत बांधणारा १९५६ चा अधिनियम व १९६० चा आदेश निघाला. परंतु पुण्याच्या ‘सकाळ’ने दाद मागितल्यावर, एकाच्या अभिव्यक्तीस कात्री लावून दुसऱ्याचे पोषण करण्याचा अधिकार संविधानाने शासनास दिलेला नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये देऊन ती तजवीज रद्दबातल ठरविली. कागदाच्या वाटपाद्वारे पानांवर घातलेली मर्यादाही १९७२ मध्ये बेनेट कोलमन खटल्यात टिकली नाही. शासकीय जाहिरातींत राजकीय व्यक्तींचा उदोउदो होऊ नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०१५ रोजी राष्ट्रपती, पंतप्रधान व सरन्यायाधीश यांखेरीज अन्य पदस्थांच्या छायाचित्रांना मनाई केली. तथापि मार्च २०१६ मध्ये ही मुभा राज्यपाल, मुख्यमंत्री व मंत्री यांनाही मिळाली.

जाहिरातवाटपाची पद्धती : महाराष्ट्रात हे काम माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाकडे असून, लातूर येथे त्याचे विभागीय कार्यालय व प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा माहिती अधिकारी असतो. शासनमान्य यादीत नाव असलेल्या पत्रांनाच जाहिराती मिळतात. खपानुसार पत्राचा वर्ग व वर्गानुसार दर ठरतो. केंद्र शासनाने २०१६ च्या धोरणात शंभर गुणांची पद्धत आणली. तीत खपाच्या प्रमाणपत्रास २५, कर्मचाऱ्यांच्या भविष्य निर्वाह निधीस २०, पृष्ठसंख्येस २०, वृत्तसंस्थेच्या वर्गणीस १५, स्वतःच्या मुद्रणालयास १० व वृत्तपत्र परिषदेच्या शुल्कभरणीस १० असे गुण नेमून दिले. अधिकाऱ्याच्या मर्जीस लगाम घालणे हा अशा निकषांचा गुण खरा. परंतु चार पानांच्या, दुसऱ्याच्या यंत्रावर छापल्या जाणाऱ्या तालुकापत्रास, त्याचा बातमीदार कितीही चोख असला तरी, त्यांतील बहुतेक गुण दुरापास्त ठरतात, हा त्यांचा दोषही तितकाच उघड आहे.

नांदेड व लातूर येथील स्थिती : या दोन्ही जिल्ह्यांत मोठे कारखानदार व व्यापारी जाहिरातदार मोजके असल्यामुळे स्थानिक पत्रांचे अर्थकारण निविदासूचना, जिल्हा परिषद व महानगरपालिका यांच्या जाहिराती, सहकारी साखर कारखाने व बँका यांच्या वार्षिक सभांच्या नोटिसा, शिक्षणातील ‘लातूर पॅटर्न’च्या ख्यातीवर वाढलेल्या शिकवणीवर्गांच्या जाहिराती आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या पुरवण्या यांवर उभे असते. यांपैकी पहिल्या दोन बाबी शासनाच्या अथवा स्थानिक संस्थांच्या हाती, तिसरी सहकाराच्या हाती. आणि या भागात सहकार व राजकारण यांचे नेतृत्व पुष्कळदा एकाच घराण्याकडे राहिलेले आहे. शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख व अशोक चव्हाण असे चार मुख्यमंत्री या दोन जिल्ह्यांनी राज्यास दिले; त्यामुळे पत्रावर टीकेचा राग धरणारा आणि पत्राचे देयक मंजूर करणारा यांच्यातील अंतर येथे स्वभावतःच कमी असते. दबावाचे लेखी फर्मान निघत नाही. देयक दप्तरी पडून राहते, पुढची जाहिरात शेजारच्या पत्राकडे जाते, आणि त्याचा अर्थ कोणी न सांगताही संपादकास उमगतो.

भोकर प्रकरण : सार्वजनिक पैशाऐवजी खाजगी पैसा बातमीच्या वेषात वावरू लागला तर काय घडते, याचे देशभर गाजलेले उदाहरण नांदेड जिल्ह्यातलेच आहे. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण भोकर मतदारसंघातून विजयी झाले. प्रचारकाळात ‘अशोकपर्व’ या शीर्षकाने निघालेल्या पुरवण्यांचा, आणि निरनिराळ्या पत्रांत निरनिराळ्या नावांखाली शब्दशः सारख्या छापून आलेल्या मजकुराचा तपशील पत्रकार पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’मधून प्रसिद्ध केला, निवडणूक खर्चाच्या हिशेबात मात्र वृत्तपत्रीय जाहिरातींपोटी ५,३७९ रुपयेच दाखविले होते. पराभूत उमेदवार माधवराव किन्हाळकर यांनी तक्रार केली. हिशेबाच्या खरेपणाची चौकशी करण्याचा निवडणूक आयोगास अधिकार आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये सांगितले. जुलैमध्ये आयोगाने हिशेब विहित रीतीने सादर झाला नसल्याचा निष्कर्ष काढून कारणे दाखवा नोटीस दिली. आणि सप्टेंबर २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती कारवाई चव्हाणांच्या बाजूने निकाल देऊन रद्द केली. पाच वर्षांच्या या वादात कायद्यापुढे उमेदवाराचा हिशेब आला. मजकूर छापणाऱ्या पत्रांनी वाचकाशी पाळावयाच्या सचोटीचा प्रश्न त्या कायद्याच्या कक्षेतच नव्हता.

पत्रकारांस साहाय्य : व्यक्तिशः पत्रकारांसाठी राज्यात शंकरराव चव्हाण सुवर्ण महोत्सवी पत्रकार कल्याण निधी असून त्यातून गंभीर आजारपणात मदत मिळते. आचार्य बाळशास्त्री जांभेकर यांच्या नावाची ज्येष्ठ पत्रकार सन्मान योजना २०१९ पासून अमलात आली. आरंभी तीत दरमहा ११,००० रुपये देण्यात येत. वय व सेवाकाल यांसारख्या मोजता येणाऱ्या अटींवर मिळणारे आणि लिहिण्याचे दिवस बहुतांशी सरल्यावर हाती येणारे हे साहाय्य, दर महिन्यास नव्याने मिळवाव्या लागणाऱ्या जाहिरातीइतके लेखणीस जाचक होत नाही.

समीक्षण : शासनाचा पैसा घेणारे पत्र पक्षपातीच असावयाचे आणि न घेणारे निःस्पृह, हे समीकरण भोकर प्रकरणापुढे टिकत नाही. साहाय्य किती, यापेक्षा ते देण्या-न देण्याचा अधिकार कोणाच्या मर्जीत आहे आणि ते वाचकास दिसते की नाही, या दोन गोष्टींवर निःपक्षपातीपणा अधिक अवलंबून असतो. नॉर्वे-स्वीडनमधील रोख अनुदान उघड व नियमबद्ध असल्यामुळे सरकारवर कठोर टीका करणारी पत्रेही ते घेऊ शकली. उलट आपल्याकडील जाहिरात नावाने व्यापारी व्यवहार असूनही व्यवहारात अनुग्रहासारखी वागविली जाते. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याच्या कलम ४ नुसार प्रत्येक कार्यालयाने आपण होऊन माहिती प्रसिद्ध करणे बंधनकारक आहे. त्या आधारे कोणत्या पत्रास कोणत्या महिन्यात किती रकमेची जाहिरात दिली व तिचे देयक केव्हा चुकते केले, याचे जिल्हावार पत्रक निघू लागल्यास, नवा कायदा न करताही हा व्यवहार वाचकाच्या नजरेखाली येईल.