शाळेचे तास, घरचे तास : विद्यार्थ्यांच्या वेळेचे गणित

जून महिन्यात शाळा सुरू झाल्या की पहिल्या आठवड्यात घरोघरी एक काम हमखास होते. कोऱ्या कागदावर पट्टीने रेघा मारून वेळापत्रक आखले जाते आणि अभ्यासाच्या टेबलासमोर भिंतीवर चिकटविले जाते. 'पहाटे पाच वाजता उठणे' या ओळीने त्याची सुरुवात होते. गणेशोत्सव येईपर्यंत कागद भिंतीवर असतो, वेळापत्रक मात्र केव्हाच मोडलेले असते. याचे कारण म्हणून विद्यार्थ्याच्या आळसाकडे बोट दाखविले जाते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा दोष मांडणीतच असतो. त्या कागदावर अभ्यासाला जागा असते, शाळेच्या आयुष्याला नसते. झोपेला तर उरलीसुरली वेळ मिळते.

शाळेत किती वेळ जावा, याचे किमान माप कायद्यानेच ठरवून दिले आहे. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या बालशिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० कामाचे दिवस व ८०० अध्यापन तास, तर सहावी ते आठवीसाठी २२० दिवस व १००० तास आवश्यक आहेत. वर्षाचे एकूण तास होतात ८७६०. म्हणजे हे किमान माप धरले, तर सातवीतील मुलाच्या वर्षाचा सुमारे नववा हिस्साच वर्गातील अध्यापनात जातो. उरलेल्या वेळेचे काय होते, यावर शाळेतला आनंद आणि परीक्षेतील यश दोन्ही बरेचसे अवलंबून असते.

आठवड्याचे १६८ तास

वेळेचा हिशेब दिवसावर मांडण्यापेक्षा आठवड्यावर मांडणे सोयीचे ठरते, कारण विद्यार्थ्याचे सगळे दिवस सारखे नसतात. नववीतील, दुपारच्या अधिवेशनात शिकणाऱ्या विद्यार्थ्याचे उदाहरण घेता येईल. अमेरिकेतील निद्राविषयक वैद्यकीय संघटनेने २०१६ मध्ये केलेल्या शिफारशीनुसार १३ ते १८ वर्षांच्या मुलांना दररोज ८ ते १० तास झोप हवी. मधला आकडा धरला तर आठवड्याचे ६३ तास झोपेचे. शाळा सोमवार ते शुक्रवार साडेपाच तास व शनिवारी चार तास, म्हणजे साडेएकतीस तास, जाण्यायेण्याचे सहा. आंघोळ, जेवणखाण व घरातील कामे यांना रोज अडीच तास, म्हणजे साडेसतरा. ही बेरीज ११८ होते. ५० तास शिल्लक राहतात.

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या २०२० च्या दप्तरविषयक धोरणात माध्यमिक वर्गांसाठी गृहपाठाची कमाल मर्यादा दिवसाला दोन तास, म्हणजे आठवड्याला १० ते १२ तास सांगितली आहे. दुसरीपर्यंत तर गृहपाठच देऊ नये, असे हे धोरण म्हणते. ५० मधून गृहपाठाचे १२ वजा केले, खासगी शिकवणीचे १२ वजा केले, रोज एक तास मैदान व एक तास उजळणी धरून आणखी १४ वजा केले, तरी १२ तास उरतात. 'वेळच मिळत नाही' ही तक्रार या गणितात टिकत नाही. मात्र शिकवण्या दोन ठिकाणी असतील आणि जाण्यायेण्यासह त्यांत रोज चार तास जात असतील, तर हेच १२ तास तिथे खर्च होतात आणि हाती शून्य राहते. त्यानंतर जे जे वाढेल, ते झोपेतून किंवा खेळातून कापले जाते.

अर्थात, प्रत्येक घरचा हिशेब असा सुटसुटीत नसतो. ग्रामीण भागात एस.टी.ची गाडी ज्या वेळेला असेल तीच शाळेला निघण्याची वेळ. मुलींना पासाची सवलत मिळते, पण शाळा सुटल्यावर स्थानकात बसून काढावा लागणारा तास त्याने वाचत नाही. अनेक घरांत पाणी भरणे, धाकट्या भावंडांना सांभाळणे ही कामे मुलीच्याच वाट्याला येतात आणि त्याच घरातील मुलाचे वेळापत्रक मोकळे असते. वेळेचे नियोजन हा केवळ विद्यार्थ्याच्या शिस्तीचा विषय नाही, हे अशा वेळी पालकांच्या ध्यानात यायला हवे.

झोपेची चोरी

पहाटे उठून केलेला अभ्यास चांगला, हा समज आपल्याकडे खोलवर रुजलेला आहे. रात्री नऊ वाजता झोपणाऱ्या घरांत तो खराही होता. रात्री अकरा वाजेपर्यंत दिवे आणि मोबाईल चालू असणाऱ्या घरात पहाटे पाचचा गजर म्हणजे सहा तासांची झोप. सकाळच्या शाळांत पहिल्या दोन तासिकांना पेंगणारी मुले हा शिक्षकांच्या नित्य परिचयाचा अनुभव आहे. मुलांच्या झोपेचा विचार करूनच राज्य शासनाने २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊपूर्वी भरवू नयेत, असा निर्णय घेतला. वरच्या वर्गांच्या मुलांना मात्र घरातूनच हा दिलासा मिळू शकतो. वेळापत्रक आखताना झोपण्याची वेळ आधी लिहावी, उठण्याची त्यावरून ठरवावी.

लक्षात राहणारा अभ्यास

किती तास बसला, यापेक्षा कसा बसला याला महत्त्व आहे, हे सांगणारे संशोधन जुने आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाऊस यांनी स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. पाठ केलेले सुरुवातीला फार वेगाने विसरले जाते आणि दिवसांचे अंतर ठेवून केलेली उजळणी एकाच बैठकीत केलेल्या घोकंपट्टीपेक्षा उपयोगी पडते, असे त्यांना आढळले. अमेरिकेत हेन्री रोडिगर व जेफ्री कार्पिके यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाचा निष्कर्ष तर प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावा असा आहे. उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी अधिक आठवले. पण आठवड्यानंतर अधिक आठवले ते पुस्तक मिटवून आठवून लिहिणाऱ्यांना. परीक्षेच्या आदल्या रात्री सारे येते आहे असे का वाटते आणि महिन्याभराने ते कुठे जाते, याचा उलगडा यातून होतो.

यासाठी वेगळा क्लास लागत नाही. शाळेतून आल्यावर वही न उघडता आज काय शिकविले ते दहा ओळींत लिहून पाहणे, शनिवारी पुन्हा तेच करणे, एवढे पुरते. वर्गात लक्ष दिलेले नसेल तर मात्र दहा ओळी होत नाहीत. शाळेतला तास हाच अभ्यासाचा सर्वांत मोठा तास. तो 'संध्याकाळी क्लासमध्ये करून घेऊ' म्हणून सोडून दिला, तर एकच धडा दोनदा ऐकण्यात वेळ जातो.

मधली सुटी आणि मैदान

मधल्या सुटीतला एकमेकांचा डबा, आंतरशालेय कबड्डीची तयारी, भित्तिपत्रक, स्नेहसंमेलनातील नाटिकेच्या तालमी, चित्रकलेच्या एलिमेंटरी व इंटरमीजिएट परीक्षा, स्काऊट-गाईडचे शिबिर : शाळा आठवते ती यांच्यामुळे. यांतील बरेच काही शाळेच्या वेळापत्रकात मुळातच असते. पण सहामाही जवळ आली की खेळाचा तास गणिताच्या बाईंकडे जातो आणि ग्रंथालयाचा तास कार्यानुभवाच्या वहीत विरून जातो. यशपाल समितीने दप्तराच्या ओझ्याविषयीचा अहवाल १९९३ मध्ये दिला, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवले. खेळाचा तास मात्र अजूनही उसनाच दिला जातो. पालकसभेत गुणांइतकीच या तासाची चौकशी झाली, तर शाळांनाही त्याची दखल घ्यावी लागेल.

विद्यार्थ्यानेही सगळ्याच उपक्रमांत नाव घालणे शहाणपणाचे नाही. एका सत्रात एखादा खेळ व एखादा उपक्रम घेतला तर तो मनापासून होतो. डिसेंबरमधील संमेलनाच्या तालमी दोन-तीन आठवड्यांच्या असतात. तेवढ्या काळाचा अभ्यास दिवाळीच्या सुटीत पुढे नेऊन ठेवता येतो.

दहावीचे वर्ष

दहावीत हा सारा हिशेब आवळला जातो. एके काळी मार्चमध्ये सुरू होणारी राज्य मंडळाची लेखी परीक्षा २०२५ मध्ये २१ फेब्रुवारीलाच सुरू झाली. त्यामुळे संमेलन, पूर्वपरीक्षा व प्रात्यक्षिके एकापाठोपाठ येतात. तोंडी, प्रात्यक्षिक व अंतर्गत मूल्यमापनाचे गुण शाळेतच मिळतात. जर्नल, प्रकल्प वह्या जानेवारीत रात्री जागून पुऱ्या करण्यापेक्षा दर रविवारी तासभर दिल्यास हा ताण टळतो. शाळा बुडवून क्लास गाठण्याची प्रथा याच वर्षी वाढते. केंद्र शासनाने जानेवारी २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत सोळा वर्षांखालील मुलांना शिकवणी केंद्रांनी प्रवेश देऊ नये आणि शाळेच्या वेळेत वर्ग घेऊ नयेत, असे म्हटले आहे. सूचना कागदावर राहतात की नाही, हे फी भरणाऱ्या पालकांवरही अवलंबून आहे.

पूर्वपरीक्षेनंतर सरावाच्या प्रश्नपत्रिका सोडविताना घड्याळ मंडळाचेच लावावे. सकाळच्या सत्राचा तीन तासांचा पेपर अकराला सुरू होतो आणि २०२३ पासून शेवटी दहा मिनिटे वाढवून मिळत असल्याने दोन वाजून दहा मिनिटांनी संपतो. भाषेची प्रश्नपत्रिका ८० गुणांची व तीन तासांची, तर गणित व विज्ञानाचे प्रत्येकी दोन भाग ४० गुणांचे व दोन तासांचे असतात. घरी तुकड्यातुकड्यांनी सोडविणाऱ्यांना सलग बसून लिहिण्याची सवय राहत नाही. रविवारी सकाळी अकराला एक पूर्ण पेपर, दुपारी त्याची तपासणी आणि संध्याकाळी मैदान, असा क्रम जानेवारीपासून ठेवता येतो.