प्रसिद्ध माजी सदस्य आणि युवा संघटनेचा प्रचार : उपयोग, मर्यादा आणि जबाबदारी

युवा संघटनेचे खरे काम सहसा दिसत नाही. एखादा मुलगा संध्याकाळी नाक्यावर न थांबता अभ्यासिकेत आला, एखाद्या मुलीची दहावीनंतर शाळा सुटली नाही, याची बातमी होत नाही. त्यामुळे देणगीदार, पालक आणि नवे सदस्य यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठी संघटना आपल्यातून घडलेल्या नामवंतांचे चेहरे पुढे करतात. या पद्धतीचा मोठा अनुभव अमेरिकेतील दोन संघटनांकडे आहे. त्यांच्याकडून काय घ्यावे आणि काय टाळावे, हे कार्यकर्त्यांनी समजून घेतले पाहिजे.

क्लबमधून पडद्यावर

'बॉईज अँड गर्ल्स क्लब्स ऑफ अमेरिका' या संघटनेचे मूळ १८६० मध्ये कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड येथे तीन स्त्रियांनी सुरू केलेल्या क्लबमध्ये आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या मुलांना शाळेनंतर हक्काची जागा मिळावी, हा हेतू होता. १९०६ मध्ये असे ५३ क्लब एकत्र आले आणि राष्ट्रीय संघटना उभी राहिली. मुलींचा उल्लेख नावात यायला मात्र १९९० साल उजाडावे लागले.

या संघटनेचा सर्वात परिचित चेहरा म्हणजे अभिनेते डेन्झेल वॉशिंग्टन. न्यूयॉर्कजवळच्या माउंट व्हर्नन येथील क्लबमध्ये ते लहानपणी जात. १९९० च्या दशकापासून ते संघटनेचे राष्ट्रीय प्रवक्ते आहेत. गायिका-अभिनेत्री जेनिफर लोपेझ ब्रॉन्क्समधील किप्स बे क्लबमध्ये जात असत. अशा माजी सदस्यांसाठी संघटनेने 'हॉल ऑफ फेम' ही सन्मानयादीही केली आहे. २००६ मध्ये राष्ट्रीय संघटनेला शंभर वर्षे झाली, तेव्हा वॉशिंग्टन यांचे एक पुस्तक आले. त्यात सत्तरहून अधिक नामवंतांनी आपल्याला घडवणाऱ्या माणसांविषयी सांगितले आहे.

वॉशिंग्टन यांनी आपल्या क्लबचे संचालक बिली थॉमस यांची एक आठवण सांगितली आहे. क्लबमधली मुले ज्या ज्या कॉलेजांत शिकायला गेली, त्या कॉलेजांच्या पताका थॉमस क्लबच्या भिंतीवर लावत. लहानगा डेन्झेल त्या पताकांकडे पाहत राहायचा. ती मुले सिनेनट नव्हती. त्याच्याच वस्तीतली, त्याच क्लबमध्ये खेळलेली, वयाने थोडी मोठी अशी मुले होती. पुढे संघटनेचा चेहरा झालेल्या माणसाला लहानपणी कॉलेजचे स्वप्न दाखवणारी भिंत साध्या माजी सदस्यांची होती.

प्रेरणा केव्हा मिळते?

यामागचे कारण संशोधनातही सापडते. पेनेलोपी लॉकवुड आणि झिवा कुंडा यांनी १९९७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. लेखाशास्त्राच्या विद्यार्थ्यांना त्याच शाखेतील एका अत्यंत यशस्वी विद्यार्थ्याची माहिती वाचायला दिली. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचे स्वतःविषयीचे मत त्यामुळे उंचावले. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना तसा फायदा झाला नाही, कारण तेवढे यश मिळवण्याची वेळ त्यांच्या हातून निघून गेली होती. म्हणजेच आदर्श व्यक्ती आपल्यासारखी वाटली आणि तिचे यश आपल्या आवाक्यातले वाटले, तरच ती बळ देते. नाहीतर माणूस टाळ्या वाजवून घरी जातो.

यादीत कोण दिसत नाही?

दुसरी संघटना म्हणजे २०२५ पर्यंत 'बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका' या नावाने ओळखली जाणारी संघटना. 'ईगल स्काउट' हा तिचा सर्वोच्च दर्जा नील आर्मस्ट्राँग, राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड आणि दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी मिळवला होता. चंद्रावर चाललेल्या १२ जणांपैकी ११ जणांचा स्काउटिंगशी संबंध होता, असेही अभिमानाने सांगितले जाते.

समाजशास्त्राच्या नजरेने इथे थांबावे लागते. त्या पिढीतील लाखो अमेरिकी मुले स्काउट होती. त्यामुळे कोणत्याही क्षेत्रातील यशस्वी पुरुषांची यादी केली तरी तीत स्काउट सापडणारच. यश संघटनेमुळे आले की कुटुंब, शाळा आणि वर्ण यांमुळे, हे नावांच्या यादीवरून कळत नाही. जे मागे पडले, जे मध्येच सोडून गेले, त्यांची यादी कोणी करत नाही.

त्याहून गंभीर बाब म्हणजे ज्यांच्यावर संघटनेतच अन्याय झाला, तेही या यादीत नसतात. लैंगिक अत्याचारांच्या दाव्यांमुळे या संघटनेने फेब्रुवारी २०२० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. त्यानंतर ८२ हजारांहून अधिक पीडितांचे दावे दाखल झाले आणि भरपाईसाठी सुमारे २.४६ अब्ज डॉलरची योजना करावी लागली. चंद्रावर गेलेल्या स्काउटांची नावे या मुलांच्या उपयोगी पडली नाहीत. उलट अशा उजळ प्रतिमेमुळे पालकांचा विश्वास वाढतो आणि तक्रार करणाऱ्या मुलावर विश्वास ठेवणे लोकांना जड जाते.

माजी सदस्य प्रश्नही विचारू शकतो. समलैंगिक सदस्यांबाबतच्या भेदभावाचा निषेध म्हणून स्पीलबर्ग यांनी २००१ मध्ये संघटनेचे सल्लागार मंडळ सोडले. पुढे अनेक ईगल स्काउटांनी आपली पदके परत केली. धोरण बदलण्यासाठी जो दबाव तयार झाला, त्यात या माजी सदस्यांचाही वाटा होता.

आपल्या संघटनांसाठी

बाबासाहेबांनी १८ मार्च १९५६ रोजी आग्रा येथील भाषणात शिकलेल्या वर्गाने समाजाकडे पाठ फिरवल्याची खंत बोलून दाखवली. त्यामुळे माजी सदस्याचे समाजाला परत देणे ही कल्पना आपल्या चळवळीला नवी नाही. प्रश्न एवढाच, की आपण त्यांच्याकडे मागतो काय? जयंतीच्या फ्लेक्सवर फोटो आणि मंचावर खुर्ची, की आणखी काही? काही व्यवहार्य गोष्टी अशा :

१. नामवंताकडून फोटोऐवजी वेळ मागा. वर्षातून दोन रविवार मुलांसोबत बसणे हे एका भाषणापेक्षा जास्त उपयोगाचे.

२. अभ्यासिकेत किंवा वसतिगृहात माजी सदस्यांची भिंत करा. नर्स, तलाठी, आयटीआय झालेला फिटर, पहिली पदवीधर मुलगी, सगळ्यांना तिथे जागा द्या. नाव आणि फोटो लावण्याआधी त्यांची परवानगी घ्या.

३. संघटना सोडून गेलेल्यांची नोंद ठेवा आणि ते का गेले, हे त्यांनाच विचारा. मुलींना हा प्रश्न आवर्जून विचारा.

४. प्रचाराआधी बालसुरक्षेची व्यवस्था करा. तक्रार कोणाकडे करायची, हे प्रत्येक मुलाला माहीत हवे. पोक्सो कायदा, २०१२ नुसार अत्याचाराची माहिती असलेल्या व्यक्तीने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. आरोपी कितीही मोठा माजी सदस्य असला तरी यात सूट नाही.

५. एकाच चेहऱ्यावर संघटना उभी करू नका. तो माणूस उद्या पक्ष बदलेल किंवा वादात सापडेल, तेव्हा संघटनेची ओळख तिच्या कामावरून व्हायला हवी.

नामवंत माणूस नव्या मुलाला दारापर्यंत आणतो. आत आल्यावर त्याच्याशी बोलणारा, त्याचे नाव लक्षात ठेवणारा आणि तो चार दिवस दिसला नाही तर घरी जाऊन चौकशी करणारा कार्यकर्ता लागतो. संघटनेचा वेळ आणि पैसा आधी त्या कार्यकर्त्यावर खर्च व्हावा, फ्लेक्सचा विचार नंतर.