पांढऱ्या सोन्याची गावे

सोन्याच्या जुन्या खाणींची गावे पाहण्यासाठी देशोदेशीचे पर्यटक पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वैराण मुलखात जातात. तेथे १८९२ मध्ये कूलगार्डी येथे व १८९३ मध्ये कलगुर्ली येथे सोने सापडले आणि निर्जल माळावर पाहता पाहता पेढ्या, खाणावळी व वृत्तपत्रे उभी राहिली. त्याच भागातील ग्वालिया गावाची खाण १९६३ च्या डिसेंबरात बंद झाली. काही आठवड्यांत जवळजवळ सारे गाव रिकामे झाले. खाणकामगारांची पत्र्याची व गोणपाटाची घरे मात्र जागीच राहिली. आज तेच तेथील संग्रहालय आहे.

खानदेशात सोन्याची खाण नाही. मात्र ज्याला शेतकरी 'पांढरे सोने' म्हणतो, त्या कापसाने येथेही गावे घडविली. त्या गावांच्या खुणा शोधत जळगाव, अमळनेर आणि धुळे अशी दोन दिवसांची भ्रमंती सहज करता येते.

अमेरिकेतील युद्ध आणि तापीचे खोरे

अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाल्याने इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. त्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली आणि मुंबईच्या बाजारात कापसाचे भाव कडाडले. तापी खोऱ्याची काळी कसदार जमीन या पिकाला मानवणारी होती. याच दशकात जीआयपी रेल्वेचा लोहमार्ग चाळीसगाव, जळगाववरून भुसावळला पोहोचला. पूर्वी बैलांच्या पाठीवरून व गाड्यांतून आठवडे घेत मुंबईला जाणारा माल आता अल्पावधीत बंदरावर जाऊ लागला. युद्ध संपताच भाव कोसळले, मुंबईतील अनेक पेढ्या बुडाल्या. पण लोहमार्ग, बाजारपेठ आणि कापूस ही तिन्ही येथेच राहिली.

जळगाव

या घडामोडींचा सर्वाधिक लाभ जळगावला झाला. युद्धकाळात ते कापसाची मोठी पेठ बनले. १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये येथील वाफेवर चालणाऱ्या प्रेसची व सूतगिरणीची नोंद आहे. त्या काळातील ब्रिटिश अधिकाऱ्याच्या नावाची पोलन पेठ आजही शहराच्या मध्यवस्तीत आहे; नाव रोज घेणाऱ्यांपैकी ते कोणाचे, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. रेल्वे स्थानकाजवळची खानदेश मिल मात्र इतिहासजमा झाली असून तिच्या जागेवर व्यापारी संकुल उभे आहे.

कपाशीचा हंगाम पाहायचा तर नोव्हेंबर ते जानेवारीत यावे. जिनिंगमध्ये सरकी वेगळी होऊन रुई निघते. प्रेसमध्ये तिच्या सुमारे १७० किलोच्या गाठी बांधल्या जातात. रुईचा भाव आजही ३५६ किलोच्या खंडीवर बोलला जातो. हे माप ब्रिटिश अमदानीतील ७८४ पौंडांच्या खंडीचेच रूप होय. जिनिंगचा मालक परवानगी देईल तरच आत जावे व विडी-काडी बाहेर ठेवावी. रुईला ठिणगीही पुरेशी असते.

कपाशीचा पैसा हाती आला की त्याची पावले सराफ बाजाराकडे वळतात. लग्नसराईत खेड्यापाड्यांतून आलेली कुटुंबे येथील पेढ्यांवर दिसतात. जळगावला 'सुवर्णनगरी' म्हणतात ते याच बाजारामुळे. जुन्या जळगावातील चौधरी वाडा हे कवयित्री बहिणाबाईंचे घर. १८८० ते १९५१ हा त्यांचा जीवनकाळ म्हणजे या कापूसपर्वाचाच काळ होय.

अमळनेर

जळगावहून सुरतकडे जाणाऱ्या तापी खोरे लोहमार्गावर, बोरी नदीकाठी अमळनेर वसले आहे. प्रतापशेठ यांनी येथे विसाव्या शतकाच्या प्रारंभी प्रताप मिल काढली. गिरणीच्या पैशातून शाळा उभी राहिली आणि १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिरही. कापसाच्या गावात वेदान्ताची संशोधन संस्था निघावी, ही गोष्ट नवलाची खरीच. येथल्याच प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात शिक्षक होते. पुढे १९४५ मध्ये याच गावाशी निगडित वनस्पती तेलाची एक कंपनी स्थापन झाली. तिचेच पुढे 'विप्रो' झाले. तिचे समभाग जपून ठेवणाऱ्या अमळनेरकरांच्या कथा आजही सांगितल्या जातात.

धुळे

पेशवाईच्या अस्तानंतर कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळ्याला खानदेशचे मुख्य ठाणे केले. सरळ, समांतर आणि क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या हे या शहराचे वैशिष्ट्य. मुख्य लोहमार्गाने मात्र धुळ्याला बगल दिली. चाळीसगावहून येणारा फाटा १९०० मध्ये सुरू झाला. तोवर आग्रा रोड हाच येथील व्यापाराचा आधार होता. १९२७ मध्ये स्थापन झालेले इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळ येथे अवश्य पाहावे. जुनी कागदपत्रे वाळवीच्या तोंडून कशी वाचविली जातात, हे तेथे कळते.

जिवंतपणाची किंमत

ग्वालिया टिकले, कारण ते मेले. जमिनीला गिऱ्हाईकच नव्हते, म्हणून घरे पाडण्याची गरज पडली नाही. खानदेशातील गावांचे नेमके उलटे झाले. खाण एकदा संपते, कपाशी दरवर्षी नव्याने पेरली जाते. त्यामुळे गावे जगली, वाढली आणि गिरणीच्या जागेला गिरणीपेक्षा अधिक मोल आले. चिमणी पडली, भोंगा थांबला. ज्या भोंग्यावर सारे गाव घड्याळे लावीत असे, तो ऐकलेली माणसे आता वृद्ध झाली आहेत.

सगळेच जपणे शक्य नाही, हे खरे. परंतु एखादी चिमणी, एखादा वाफेचा प्रेस, हजेरीपटाची वही आणि त्या कामगारांच्या तोंडच्या आठवणी एवढे तरी एका छताखाली आणणे अवघड नाही. कागद जपण्याची परंपरा धुळ्याला आहेच. तिला यंत्रांची आणि माणसांच्या बोलाची जोड हवी.

प्रवासासाठी

जळगाव मुंबई-भुसावळ लोहमार्गावर आहे. तेथून अमळनेर सुमारे ५५ ते ६० किलोमीटर व पुढे धुळे सुमारे ४० किलोमीटर. एस.टी. बसची सोय आहे. एप्रिल-मेमधील उन्हाचा तडाखा टाळावा. हिवाळ्यात वांग्याचे भरीत, कळण्याची भाकरी आणि शेवभाजी यांची चव घेतल्याशिवाय ही भ्रमंती पूर्ण होत नाही.