गरवणे : कोकण किनाऱ्यावरील घरगुती मासेमारीचा इतिहास

गळाने मासे पकडण्याला कोकणात ‘गरवणे’ म्हणतात आणि त्यासाठी लागणारा गळ, दोरी व शिसे यांच्या जोडणीला ‘गरी’ हे नाव आहे. होडी, जाळे आणि बाजार या तिन्हींवाचून चालणारी ही मासेमारी खडपावरून, खाडीच्या बांधावरून किंवा बंदराच्या धक्क्यावरून होते, आणि तिच्यातून मिळालेले चार-दोन मासे सहसा विकले न जाता त्याच दिवशी घरच्या चुलीवर चढतात. गरवणाऱ्याचा चरितार्थ तिच्यावर नसतो, त्यामुळे तिला धंदा म्हणता येत नाही. परंतु मासा हाती लागला नाही तर घरात कालवणाचा प्रश्न उभा राहतो, त्यामुळे ती निव्वळ करमणूकही ठरत नाही. हौस आणि गरज यांच्या मधल्या या जागेमुळेच ती इतिहासलेखनाच्या नजरेतून निसटली असून, तिचा माग काढायचा तर सरकारी दप्तरापेक्षा भाषेकडे, पंचांगाकडे आणि स्वयंपाकघराकडे वळावे लागते.

दप्तरातील मौनाचे कारण समजण्यासारखे आहे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियर मालेत रत्नागिरी व सावंतवाडीचा खंड १८८० साली, ठाण्याचा १८८२ साली आणि कुलाब्याचा १८८३ साली प्रसिद्ध झाला. या खंडांत कोळी, गाबीत, खारवी, दालदी आदी समाजांची, त्यांच्या होड्यांची व जाळ्यांची माहिती येते, कारण ज्यातून व्यापार होतो, माल बाहेर जातो आणि मिठाची मागणी निर्माण होते, त्याची नोंद राज्यकर्त्यांना आवश्यक वाटत होती. भातशेती सांभाळून ओहोटीच्या वेळी गरी घेऊन खाडीवर जाणारा कुणबी किंवा भंडारी मात्र शेतकरी म्हणून, माडाची माडी काढणारा म्हणून किंवा शिपाई म्हणून नोंदला गेला; त्याच्या हातातल्या गरीला कोणताही रकाना नव्हता.

गळ हे साधन अर्थातच फार जुने आहे. सिंधू संस्कृतीच्या काळातील लोथल या गुजरातेतील बंदरात तांब्याचे गळ सापडले आहेत. संस्कृतात गळाला ‘बडिश’ म्हणतात, आणि गळाला लावायच्या खाद्यासाठी मराठीत आलेला ‘आमिष’ हा शब्द मुळात मांसाचा वाचक आहे. मांसापासून गळाचे खाद्य आणि त्यापासून प्रलोभन असा या शब्दाचा प्रवास झाला. ‘गळ घालणे’ आणि ‘गळाला लागणे’ हे वाक्प्रचार समुद्र कधीही न पाहिलेला देशावरचा माणूसही सहज वापरतो, यावरून हे साधन भाषेत किती खोल रुतले आहे ते दिसते.

गळाच्या मासेमारीचे सविस्तर शास्त्रीय वर्णन मात्र कोकणात नव्हे, तर समुद्रापासून दूर असलेल्या कल्याणी चालुक्यांच्या राजधानीत लिहिले गेले. सुमारे ११२७ ते ११३८ या काळात राज्य करणाऱ्या तिसऱ्या सोमेश्वराचा ‘मानसोल्लास’ अथवा ‘अभिलषितार्थचिंतामणी’ हा संस्कृत ग्रंथ वीस-वीस अध्यायांच्या पाच ‘विंशतीं’मध्ये विभागलेला असून, राजाच्या विनोदांना, म्हणजे करमणुकींना, वाहिलेल्या विंशतीत ‘मत्स्यविनोद’ हे प्रकरण आहे. त्यात समुद्रातील व गोड्या पाण्यातील मिळून सुमारे पस्तीस प्रकारचे मासे, त्यांचे खाणे, त्यांना भुलवण्यासाठी द्यायचे खाद्य, काठी, दोरी आणि गळ यांचा विचार केला आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणाचा अभ्यास प्रसिद्ध केल्यावर त्याचे महत्त्व आधुनिक अभ्यासकांच्या ध्यानात आले. याच ग्रंथातील ‘अन्नभोग’ या प्रकरणात माशांचे तुकडे करून ते चिंचेच्या रसासह शिजवण्याच्या व तेलात तळण्याच्या कृती आढळतात. मात्र मासा धरणे हा एक विनोद आणि मासा खाणे हा दुसरा उपभोग अशी त्यांची मांडणी वेगवेगळ्या विंशतींत आहे, आणि राजाच्या बाबतीत ती योग्यच होती, कारण त्याने पाण्याबाहेर काढलेला मासा पुढे आचाऱ्याच्या हाती जात असे. कोकणातल्या घरात असे दोन विभाग कधी पडलेच नाहीत. कोणता मासा कोणत्या खाद्याला येतो हे जाणणाऱ्या घराला तो आमटीत घालायचा की तव्यावर टाकायचा हेही ठाऊक असते, कारण हे दोन्ही प्रश्न एकाच उंबरठ्याच्या आत सुटतात.

नायलॉन येण्यापूर्वी गरीची दोरी तागाच्या किंवा सुताच्या धाग्याची वळलेली असे. खाऱ्या पाण्यात असा धागा लवकर कुजतो, म्हणून कोळी लोक जाळी ज्या ऐनाच्या सालीच्या काढ्यात बुडवत, तोच उपाय दोऱ्यांनाही लागू पडे. सालीतील तुरट द्रव्यामुळे धागा तांबूस-काळसर व टिकाऊ होतो. दोरीच्या टोकाला शिशाचा तुकडा, त्याच्या आसपास गळ, आणि गळाला कोळंबीचा, तारलीचा किंवा गांडुळाचा तुकडा अशी साधी रचना असे. खडपावरून पुष्कळदा काठीवाचून, दोरी हाताने गरगरा फिरवून फेकली जाई, कारण बोटावर ताणून धरलेल्या दोरीतून माशाची चाळवाचाळव थेट कळते. प्रत्येक मासा गळाला लागत नाही, ही मर्यादाही गरवणाऱ्याला माहीत असते. शेवाळ व गाळ चाळून खाणाऱ्या बोयीसाठी ‘पाग’ हे साधन, म्हणजे कडेला वजने लावलेले गोल फेकजाळे, वापरतात, तर खडकाच्या कपारीत राहणारी तांबोशी गळ गिळताच पुन्हा कपारीकडे धाव घेते, आणि दोरी त्याच क्षणी आवरली नाही तर ती दगडाच्या धारेवर घासून तुटते.

गरीपेक्षाही महत्त्वाचे साधन म्हणजे भरतीचे गणित होय. छापील वेळापत्रके घरोघरी येण्याच्या पुष्कळ आधीपासून किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट करण्याचा हिशेब रूढ आहे. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, पंचमीला पावणेचारला, अष्टमीला सहा वाजता. चंद्राच्या गतीमुळे भरती दररोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते आणि पाऊण तास हा त्याचा तोंडी हिशेबाला सोयीचा आकडा आहे. हे कोष्टक मुंबईच्या आसपास चांगले जुळते, दक्षिणेकडे वेळ थोडी अलीकडे सरकते आणि त्या-त्या गावाची दुरुस्ती गावकऱ्यांना पाठ असते. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला ‘उधाण’ आणि अष्टमीच्या सुमाराच्या मंद भरतीला ‘भांग’ म्हणतात. मुंबईजवळ उधाणाच्या भरती-ओहोटीत चार मीटरांहून अधिक फरक पडतो, तर मालवण-गोव्याकडे तो सुमारे दोन मीटरांचाच असतो. त्यामुळे उत्तर कोकणात ओहोटीला उघड्या पडणाऱ्या विस्तीर्ण चिखलपट्ट्या आणि दक्षिणेकडे थेट पाण्यात उतरणारे कातळ असा किनाऱ्याचा भेद, आणि त्याबरोबर मासेमारीच्या रीतींचाही भेद निर्माण झाला.

या उघड्या पडलेल्या पट्ट्यांवर पुरुषांइतकाच, किंबहुना अधिक, वावर स्त्रियांचा राहिला आहे. ओहोटीच्या चार-पाच तासांत खडकावरची कालवे टोचून काढणे, वाळूतील तिसऱ्या वेचणे, बिळातील कुर्ल्या धरणे ही कामे गरवण्याला समांतर चालत आणि दोहोंची मिळकत एकाच टोपलीत जमा होई. पावसाळ्यात या टोपलीचे मोल वाढत असे. ज्येष्ठापासून नारळी पौर्णिमेपर्यंत खवळलेल्या समुद्रात होड्या जात नसत, बाजारात ताजा मासा दुर्मीळ होई आणि घराघरांत सुकट, सुके बोंबील व खारे बांगडे यांवर भागवले जाई. अशा वेळी खाडीच्या आतल्या, लाटांपासून सुरक्षित पाण्यात मिळणारी काळुंदरे किंवा शेंगट्या हाच ताज्या माशाचा आधार असे. श्रावणात पुष्कळ घरांतून मासे वर्ज्य असल्यामुळे आषाढातील या दिवसांना अधिकच धार येई.

गरीच्या मिळकतीचे स्वरूप कोकणी पाककृतींवर स्पष्ट उमटले आहे. जाळ्यात एकाच जातीचे शेकडो मासे येतात आणि ते खारवावे, सुकवावे किंवा विकावे लागतात. गरीला मात्र दोन शेंगट्या, एखादी तांबोशी आणि ओंजळभर मुडदुशा अशी सरमिसळ लागते व तेवढ्यात सारे घर जेवायचे असते. या अडचणीवर नारळ हा उपाय ठरला. माडाची लागवड या प्रदेशात किती जुनी आहे हे नाशिकच्या लेण्यांतील, इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील उषवदाताच्या शिलालेखांवरून दिसते, कारण त्यांत नारळाच्या झाडांच्या दानाची नोंद आहे. पाट्यावर वाटलेल्या ओल्या खोबऱ्याच्या आमटीत एका माशाचे डोके व चार तुकडे पडले तरी भाताला पुरेसे कालवण होते. मासे अधिक आणि ताजे असतील तर खोबरे न घालता हळद, तिखट व आंबट यांत आटवलेले ‘तिखले’ होते, आणि नाजूक मुडदुशी तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर जाते.

आज या पदार्थांचा प्राण वाटणारी लाल मिरची मात्र तुलनेने नवी आहे. १५१० साली गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात गेल्यानंतरच्या काळात अमेरिकेतून आलेले हे फळ किनाऱ्यावर रुजले. त्यापूर्वीचा तिखटपणा मिरी, आले आणि सह्याद्रीतील तिरफळ यांचा होता. बांगडा व तारली यांच्या आमटीत तिरफळे आजही ठेचून घातली जातात, ती त्या जुन्या थराची खूण मानता येते. आंबटपणासाठी वापरले जाणारे कोकम याच डोंगरांतले असून, त्याच्या ‘भिरंड’ या स्थानिक नावाचे पोर्तुगीज रूप गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या संवादरूप ग्रंथात नोंदले आहे. एका मडक्यात अशा रीतीने स्थानिक आणि परदेशी असे अनेक थर साठले आहेत.

मासा साफ करण्याच्या रीतीतही हे ज्ञान दिसते. शेंगटीच्या पाठीवरचा एक व कल्ल्यांमागचे दोन काटे विषारी असल्यामुळे ते गळ सोडवण्यापूर्वीच दगडाने किंवा कोयत्याने मोडतात. तिला खवले नसतात, पण अंग बुळबुळीत असते, म्हणून घरी आल्यावर तिला चुलीतील राख चोळतात. राखेने चिकटा सुटतो, विळीवर धरताना ती हातातून निसटत नाही, आणि मग स्वच्छ धुऊन तिची आंबट-तिखट आमटी होते. बाजारात खालच्या दर्जाची मानली जाणारी ही मासळी खाडीकाठच्या घरात मानाने शिजते, कारण तेथील प्रतवारी भावावर नव्हे, तर ताजेपणावर ठरते.

एकोणिसाव्या शतकात याच पश्चिम किनाऱ्यावर गळाच्या मासेमारीची एक वेगळी कल्पना आली. दक्षिण कानडा जिल्ह्यातील ब्रिटिश अधिकारी हेन्री सुलिव्हन थॉमस याने १८७३ साली ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक लिहिले आणि त्यात प्रामुख्याने नद्यांमधील महसीरसारख्या झुंजार माशांच्या शिकारीचे शास्त्र मांडले. या दृष्टीत मासा हा प्रतिस्पर्धी होता आणि त्याचे वजन ही विजयाची मोजणी होती. कालवणाला तेथे दुय्यम स्थान होते. याच अधिकारीवर्गाच्या चिंतेतून, नद्यांत सुरुंग व विष वापरून होणाऱ्या संहाराला आळा घालणारा भारतीय मत्स्योद्योग अधिनियम १८९७ साली झाला. साहेबी काठीचा प्रभाव पुढे मुंबईत पवईसारख्या तलावांवर हौशी मंडळींच्या संघटनेच्या रूपाने टिकला, पण कोकणातील खडपांवर तो बराच काळ पोहोचला नाही.

तेथे खरा बदल नायलॉनने केला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा न कुजणारा, पाण्यात जवळजवळ न दिसणारा धागा स्वस्त झाला आणि ऐनाच्या सालीचा काढा करण्याची गरज उरली नाही. त्याच धाग्याची मोठी जाळी आणि यांत्रिक नौका यांमुळे समुद्रातील मासेमारीचे प्रमाण वाढले, पारंपरिक व यांत्रिक मच्छीमारांत संघर्ष उद्भवला आणि त्यातून १९८१ चा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम आला. १९८७ साली मालवण येथे सुमारे २९ चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य जाहीर झाले, तर २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांच्या तोडीला मनाई केली. कांदळवनांच्या मुळांत तांबोशीची व जिताड्याची पिल्ले वाढत असल्यामुळे हा निर्णय खाडीकाठी गरवणाऱ्यांच्याही हिताचा होता, जरी त्यांचा विचार त्यामागे नव्हता. अलीकडे फायबरच्या काठ्या, रीळ आणि प्लास्टिकची खोटी आमिषे घेतलेली तरुण मंडळी त्याच कातळांवर दिसतात. त्यांपैकी काही जण मासा परत पाण्यात सोडतात, पण बहुतेकांच्या पिशव्या आजही स्वयंपाकघरातच रिकाम्या होतात.

मोजणीच्या बाबतीत मात्र १८८० नंतर फारसा फरक पडलेला नाही. देशातील सागरी मासळीचे वार्षिक अंदाज बंदरांवर उतरणाऱ्या मालाची पाहणी करून बांधले जातात आणि कातळावरून थेट चुलीकडे गेलेला मासा कोणत्याही बंदरावर उतरत नाही. त्याची नोंद घेणारी एकच व्यवस्था कोकणात आहे, ती म्हणजे ‘वानवळा’: शेतातले पहिले वाल असोत वा परसातली काकडी, त्यातला वाटा शेजारी पाठवण्याची ही रीत गरीच्या माशालाही लागू होते. मोठी तांबोशी मिळाली की तिचे दोन तुकडे केळीच्या पानावर शेजारच्या घरी जातात, आणि कोणाला, कोणत्या तिथीला, कोणत्या खडपावर काय मिळाले, हे त्या रात्री वाडीला कळलेले असते.