२ एप्रिल २०२२ ची आकाशघटना : हौशी छायाचित्रांचे ऐतिहासिक मूल्य

इतिहासलेखनात साधनांना अनन्यसाधारण महत्त्व असते. चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांत आकाशनिरीक्षणाची परंपरा जुनी असली, तरी तिची साधने प्रामुख्याने मौखिक आहेत. मयंक वाहिया व गणेश हलकारे यांच्या २०१३ मधील गोंड खगोलज्ञानविषयक अभ्यासात सप्तर्षीतील खाट व मृगातील नांगर या कल्पनांची नोंद आढळते. मात्र एखाद्या घटनेचा नेमका दिवस व वेळ मौखिक परंपरेतून क्वचितच मिळते.

ही उणीव हौशी छायाचित्रणाने भरून निघू शकते. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या सायंकाळी, महाराष्ट्र, गुजरात व मध्य प्रदेशातील अनेकांनी आकाशातील तेजस्वी रेषा मोबाइलवर टिपल्या. प्रथमदर्शनी तो उल्कापात वाटला. तथापि, उल्का सेकंदाला किमान ११ किलोमीटर वेगाने येते व बहुधा काही क्षणांतच विझते. या चित्रणात मात्र जळते तुकडे संथपणे, एकामागून एक सरकताना दिसतात. कक्षेतून कोसळणाऱ्या वस्तूचे हेच लक्षण होय. त्याच रात्री सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी येथे सुमारे ३ मीटर व्यासाचे धातूचे कडे पडले. खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांच्या मते, हे अवशेष फेब्रुवारी २०२१ मध्ये प्रक्षेपित झालेल्या चिनी अग्निबाणाच्या तिसऱ्या टप्प्याचे होते.

तारीख, वेळ, स्थळ व दिशा यांची नोंद असेल, तरच असे चित्रण विश्वसनीय साधन ठरते. मोबाइल बदलताच ते नष्ट होण्याचा धोका असतो. म्हणूनच महाविद्यालयांतील इतिहास व भौतिकशास्त्र विभागांनी संयुक्तपणे त्याचे संकलन करणे अगत्याचे आहे.