रुपयातील चांदी कोठे गेली?

आमच्या पेढीवर आजोबांच्या वेळचा एक लहान तराजू आहे. त्याच्या पेटीत वजने नव्हती. वजनाच्या जागी राणीछाप रुपये असत. १८३५ च्या नाणे कायद्याने रुपयाचे वजन १८० ग्रेन ठरले व तोळाही तेवढाच मानला गेला. त्या १८० ग्रेनांत १६५ ग्रेन शुद्ध चांदी होती. ही चांदी पुढे कोठे गेली, याचा मागोवा घेताना बाजार आणि टांकसाळ यांचे नाते चांगले उमगते.

१८९३ पूर्वी कोणीही आपली चांदी मुंबईच्या टांकसाळीत नेऊन, ठरावीक आकार भरून, तिचे रुपये पाडून घेऊ शकत असे. म्हणजे किती नाणी निघावीत हे बाजारच ठरवीत असे. परंतु १८७० नंतर जर्मनीसह अनेक देश सुवर्णमानाकडे वळले, अमेरिकेच्या खाणींतून चांदी मुबलक निघू लागली आणि तिच्याबरोबर रुपयाही घसरला. इंग्लंडला पौंडांत देणी द्यावी लागणाऱ्या सरकारला हे पेलवेना. जून १८९३ मध्ये टांकसाळीची दारे खाजगी चांदीला बंद झाली. पुढे रुपया सोळा पेन्सांवर स्थिरावला, तेव्हा त्यातील चांदीची किंमत दर्शनी किमतीहून कमी होती.

पहिल्या महायुद्धाने हे गणित उलटे केले. येथून गहू, ताग, कातडी भरभरून जात होती. विलायती माल मात्र जहाजांअभावी येईना. शेतकऱ्याला द्यायला रुपये हवे होते आणि शेतकरी कागद घेण्यास राजी नव्हता. टांकसाळी अहोरात्र चालल्या तरी नाणी पुरेनात. १९१५ मध्ये लंडनला औंसामागे सुमारे २७ पेन्स असलेली चांदी ऑगस्ट १९१७ मध्ये ४३ पेन्सांवर गेली. या भावाच्या वर रुपया चालविण्यापेक्षा वितळविणे फायद्याचे ठरते! सरकारने वितळविण्यावर बंदी घातली. पण हिशेबावर बंदी घालता येत नाही, हे कोणीही दुकानदार सांगेल. ३० नोव्हेंबर १९१७ रोजी एक रुपयाची नोट निघाली. १९१८ मध्ये अमेरिकेने आपले चांदीचे डॉलर वितळवून सुमारे २० कोटी औंस चांदी हिंदुस्थानला विकली, तेव्हा कोठे नोटांच्या बदल्यात रुपये देणे शक्य झाले.

दुसऱ्या महायुद्धात उसनवारीने भागले नाही. १९४० मध्ये फ्रान्स पडल्यावर लोकांनी धास्तीने रुपये दडवून ठेवण्यास सुरुवात केली. त्याच वर्षी रुपयातील चांदी निम्म्यावर आली. उरलेल्या भागात ४० टक्के तांबे आणि प्रत्येकी ५ टक्के निकेल व जस्त. जुने रुपये १९४१ ते १९४३ या काळात टप्प्याटप्प्याने चलनातून काढण्यात आले. राजाचा मुखवटा तोच राहिला, नाद मात्र बदलला.

खरा चटका बसला तो गरिबाला. तांबे दारूगोळ्याकडे वळले, मोड मिळेना. टपालाची तिकिटे सुट्या पैशांसारखी फिरू लागली. १९४३ मध्ये मध्यभागी भोक असलेला हलका पैसा आला. पाव वार कापड घेणाऱ्या गिऱ्हाइकाला आजोबा उरलेल्या पैशांची चिठ्ठी लिहून देत. ती चिठ्ठी हरवली की तिचा दुवा मिळण्याऐवजी शिव्या मिळत, असे ते हसत सांगत. १९४७ साली रुपया निकेलचा झाला आणि नेहमीच्या चलनातील रुपयातून चांदी पूर्णपणे गेली.

आमच्या घरी वहीपूजनाच्या ताटात आजही दोन रुपये ठेवले जातात, एक १९१९ चा, दुसरा १९४५ चा. नातवंडे ते फरशीवर टाकून पाहतात. पहिला खणखणतो, दुसऱ्याचा आवाज ऐकून धाकटा म्हणतो, ‘‘आजोबा, हा खोटा आहे का?’’