‘कशावरून?’ : इतिहासाच्या तासाचा खरा प्रश्न



आपल्या राज्यमंडळाच्या दहावीच्या इतिहासात २०१८पासून सुरुवातीलाच इतिहासलेखनावर प्रकरणे आहेत. इतिहास लिहितात कसा, पुरावा तपासतात कसा, हे मुलांना कळावे हा हेतू, आणि तो चांगलाच आहे. पण वर्गात होते काय? देकार्त, हेगेल, रांके, मार्क्स ही नावे रिकाम्या जागांसाठी घोकली जातात. ज्या देकार्तने संशयालाच पद्धत केले, त्याचा संशयही पाठ करायचा! चाळीस गुणांच्या पेपरात दुसरे काय करणार, असे शिक्षक म्हणतात. त्यांचेही खोटे नाही. तरी एका तासात काय करता येईल ते आपण पाहू.

शिवाजी महाराजांची जन्मतारीख घ्या. १९ फेब्रुवारी १६३० हे मुलांना चौथीपासून ठाऊक असते. त्यांना एवढेच विचारावे : कशावरून?

आता गंमत बघा. बखरींच्या आधारे वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, म्हणजे १६२७ ही तिथी पुष्कळ काळ मानली जात होती. पुढे कारीच्या जेधे घराण्यातली शकावली लोकमान्य टिळकांना मिळाली आणि १९१६मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली. तीत होते फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. जवळजवळ तीन वर्षांचा फरक! वाद झाला, व्हायलाच हवा होता. महाराजांच्या समकालीन कवींद्र परमानंदांच्या ‘शिवभारता’त तीच तिथी निघाली, आणि पार राजस्थानात सापडलेली कुंडलीही तेच सांगू लागली. एकमेकांशी संबंध नसलेले साक्षीदार एकच गोष्ट बोलतात, तेव्हा पुराव्याचे वजन वाढते. महाराष्ट्र शासनाने मात्र ही तारीख अधिकृतपणे स्वीकारली ती २००१मध्ये.

मुलांना गणितही घालावे. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, मग १५५१चे १६२९ व्हायला हवेत. १६३० कसे झाले? एखादी मुलगी बोट वर करील : फाल्गुन येईपर्यंत इंग्रजी वर्ष बदललेले असते! त्या क्षणी ती मुलगी इतिहास करते आहे, नुसता ऐकत नाही.

कुणी म्हणेल, अशाने श्रद्धेला धक्का लागतो. आपल्याला तसे वाटत नाही. शिवजयंतीचा उत्सव ज्यांनी गाजवला, त्याच टिळकांनी तिथीचा पुरावा लोकांपुढे ठेवला. आदर आणि चिकित्सा एका माणसात नांदू शकतात. तपासून घेतलेली तारीख उलट जास्त पक्की होते.

आपल्या नैयायिकांनी शब्दालाही प्रमाण मानले, पण आप्ताच्या, म्हणजे विश्वासार्ह माणसाच्या शब्दाला. आप्त कोण, हे ठरवायचे काम ऐकणाऱ्याकडे राहतेच. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या मोबाइलवर आज रोज कुणीतरी इतिहास पाठवत असते. कुणाचा पराक्रम, कुणाचा विश्वासघात, आणि खाली ‘पुढे पाठवा’. दहावीनंतर बहुतेकांचा इतिहास सुटतो. म्हणजे ‘कशावरून?’ विचारायची सवय लावण्याची शाळेची ही जवळजवळ शेवटची संधी. सनावळ्या विसरल्या तर पुस्तकात सापडतील. ही सवय लागली नाही, तर मात्र ती मुले कोणाच्याही मागे जातील.